मोजता येणारा मतदार

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एकाच वेळी दोन प्रश्न मुक्कामाला आले होते. विधानसभेचे अध्यक्ष राहुल नार्वेकर फुटलेल्या शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेची सुनावणी घेत होते. एरवी मुंबईत चालणारी ही सुनावणी अधिवेशनासोबत नागपुरात आली होती, आणि कामकाज सांभाळून मंत्री व आमदार उलटतपासणीला उत्तरे देत होते. बाहेर मोर्चांच्या नेहमीच्या रस्त्यांवर सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी उतरले होते. १४ डिसेंबरपासून राज्यभर संपाची हाक होती. आतला प्रश्न असा, की सत्तेवर बसलेल्या माणसांना पदावरून काढायचे की नाही. बाहेरचा प्रश्न पगारदार माणसाच्या उतारवयातल्या मिळकतीचा. आतल्या प्रश्नाचा निकाल १० जानेवारी २०२४ला आला : चौतीस याचिका, दोन्ही गटांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या, आणि अपात्र कोणीच नाही. बाहेरच्या प्रश्नाला १ मार्च २०२४ला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात उत्तर दिले : शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाईभत्ता, असे निवृत्तिवेतन मिळेल. एक प्रश्न होता तिथेच राहिला, दुसरा सुटला. पूर्ण सुटला नाही, पण संघटनांना तो पदरात पाडून घेता आला.

पक्ष एकमेकांशी भांडतात म्हणून देशाचे काही होत नाही, अशी तक्रार चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांच्या संपादकीयांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ती मला पटत नाही. पक्ष भांडणारच, त्यासाठीच ते आहेत. खरा प्रश्न आहे तो हे भांडण कधी मिटते आणि कधी मिटत नाही, याचा. नागपूरच्या गेल्या काही अधिवेशनांचा पुरावा पाहिला तर उत्तर पुराव्याच्या बळात सापडत नाही, प्रश्नाच्या महत्त्वातही सापडत नाही. ज्या प्रश्नामागे डोकी मोजता येतील असा, यादीत नावे असलेला, एकाच कारणासाठी मत बदलू शकणारा मतदार उभा असतो, त्या प्रश्नावर दोन्ही बाजू जागा सोडतात. जिथे तो नसतो तिथे आमदार कोणत्या बाकावर बसला आहे एवढ्यावर त्याचे मत ठरते, आणि बाक बदलला की मतही बदलते. एखाद्याला पदावरून दूर करण्याच्या प्रश्नामागे असा मतदार कधीच नसतो. खासगी नोकरीतल्या मध्यमवर्गीयाच्या पगारामागेही तो नाही. वरवर एकमेकांशी काही संबंध नसलेले हे दोन प्रश्न एकाच कारणाने कुजत पडले आहेत.

आदल्या वर्षीचे अधिवेशन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. करोनामुळे दोन वर्षे मुंबईतच उरकलेले हिवाळी अधिवेशन १९ डिसेंबर २०२२ला नागपुरात परतले. त्याच्या काही दिवस आधी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नागपूर सुधार प्रन्यासच्या भूखंडांबाबत ‘जैसे थे’चा आदेश दिला होता. महाविकास आघाडीच्या काळात, एप्रिल २०२१मध्ये, नगरविकासमंत्री असताना शिंदे यांनी झोपडपट्टीवासीयांच्या घरांसाठी राखीव असलेली जमीन सोळा खासगी व्यक्तींना देण्याचा आदेश दिल्याचे हे प्रकरण. त्र्याऐंशी कोटींची जमीन दोन कोटींच्या आत दिली गेली, असा विरोधकांचा आरोप होता, आणि मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्याची मागणी घेऊन ते पायऱ्यांवर बसले. प्रकरण न्यायालयात आहे हे मला सांगितले गेले नव्हते, कळताच आदेश रद्द केला, असा शिंदे यांचा खुलासा होता. कोण बरोबर हे इथे ठरवायचे नाही. पाहायचे ते एवढेच, की हा आदेश निघाला त्या दिवशी राजीनामा मागणारे आणि ज्यांचा राजीनामा मागितला जात होता ते एकाच मंत्रिमंडळाचे घटक होते. दीड वर्षापूर्वीचा कागद तोच होता. त्याच्याभोवतीची माणसे तेवढी बाके बदलून बसली होती.

त्याच अधिवेशनात जयंत पाटील यांचे अध्यक्षांना उद्देशून काढलेल्या शब्दामुळे निलंबन झाले, आणि अखेरच्या दिवसांत विरोधकांनी नार्वेकर यांच्यावरील अविश्वास प्रस्तावाचे पत्र विधिमंडळ सचिवांकडे दिले. राज्यघटनेच्या १७९व्या कलमाप्रमाणे अध्यक्षाला काढायचे तर चौदा दिवसांची सूचना आणि सभागृहाच्या सदस्यसंख्येचे बहुमत लागते. दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या सभागृहात म्हणजे सुमारे एकशे पंचेचाळीस मते. विरोधकांकडे तेवढी मते नव्हती आणि हे त्यांनाही ठाऊक होते. खुद्द विरोधी पक्षनेते अजित पवार यांची त्या पत्रावर सही नव्हती. सहा महिन्यांनी, जुलै २०२३मध्ये, ते उपमुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी २०२४मध्ये याच नार्वेकरांनी त्यांचा गट हीच खरी राष्ट्रवादी काँग्रेस असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२४मध्ये नव्या विधानसभेत नार्वेकर बिनविरोध अध्यक्ष झाले; अविश्वासाचे पत्र देणाऱ्यांनी उमेदवारही उभा केला नाही. आणखी मागे गेले तर जून २०२२मध्ये असेच पत्र उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांच्याविरुद्ध शिंदे गटाने दिले होते, आणि ते ग्राह्य धरता येत नाही असा युक्तिवाद तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी केला होता. हत्यार एकच, सहा महिन्यांत फक्त हात बदलले.

यात सर्वोच्च न्यायालयाने काय केले तेही सांगायला हवे, कारण न्यायालय आहे ना, मग पक्षांच्या भांडणाची चिंता कशाला, असे पुष्कळांना वाटते. ११ मे २०२३च्या निकालात पाच न्यायमूर्तींनी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचा बहुमत चाचणीचा आदेश समर्थनीय नव्हता असे म्हटले. पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत घ्यावा, असेही सांगितले. ‘वाजवी’ या शब्दाने आठ महिने खाल्ले. न्यायालयाला वेळापत्रकावरून अध्यक्षांची कानउघाडणी करावी लागली, तारीख बांधून द्यावी लागली, ती एकदा वाढवावीही लागली. नंतर निकालाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिचा फैसला होण्याआधीच त्या विधानसभेची मुदत संपून नोव्हेंबर २०२४च्या निवडणुका झाल्या. जे आमदार पात्र की अपात्र हा वाद होता, ते पाच वर्षे पुरी करून पुन्हा मते मागायला गेले. तक्रार बरोबर होती की खोटी, हे मतदाराला मतदानाआधी कोणीही सांगू शकले नाही, याला न्याय म्हणणे कठीण आहे.

हा दोष महाराष्ट्राचा नाही आणि आजचाही नाही. आपल्याकडे राष्ट्रपतींवर ६१व्या कलमाखाली महाभियोग आजवर एकदाही चाललेला नाही, त्यामुळे या अधिकाराची परीक्षा झाली ती न्यायमूर्तींवर. तिथला सर्वांत बोलका प्रसंग न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांचा. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानावर आणि सामानसुमानावर केलेल्या खर्चाबद्दल त्यांच्यावर आरोप होते. चौकशी समितीचे प्रमुख होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, म्हणजे नंतर महाराष्ट्रातल्या सार्वजनिक जीवनात ज्यांचा शब्द वजनदार ठरला तेच. समितीने चौदापैकी अकरा आरोप सिद्ध झाल्याचे सांगितले. १० आणि ११ मे १९९३ला लोकसभेत चर्चा झाली, न्यायमूर्तींच्या वतीने कपिल सिब्बल सभागृहासमोर तासन्‌तास बोलले, आणि मतदान झाले तेव्हा प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली. विरोधात एकही मत पडले नाही. उरलेले २०५ सदस्य, म्हणजे काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष, तटस्थ राहिले. प्रस्ताव पडला. ‘आरोप खोटे आहेत’ असे म्हणण्याची हिंमत एकाही सदस्याने केली नाही, आणि ‘खरे आहेत’ असे म्हणण्याची मुभा सत्ताधारी बाजूच्या एकालाही नव्हती. याच्या उलट २०११मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत १८९ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झाला आणि लोकसभेत येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. पुरावा दोन्हीकडे होता. माझ्या मते फरक एवढाच, की सेन यांच्यात कोणत्याही मोठ्या पक्षाचे काही अडकले नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की पदावरून काढणे अवघड असावे म्हणूनच घटनाकारांनी मोठे बहुमत मागितले. साध्या बहुमताने न्यायाधीश किंवा राष्ट्रपती काढता येऊ लागले तर प्रत्येक सत्तांतरात तेच होईल. हे अगदी बरोबर आहे. माझी हरकत उंच उंबरठ्याला नाही. जो तपासतो, जो ठरवतो आणि ज्याचा फायदा-तोटा होतो ते तिघे एकच असण्याला आहे. न्यायमूर्तींच्या बाबतीत निदान तपास वेगळ्या समितीकडे असतो. आमदारांच्या बाबतीत अध्यक्षच तपासनीस आणि न्यायाधीश, आणि त्यांची खुर्ची ज्या बहुमतावर टिकते त्याच बहुमताच्या भवितव्याचा निर्णय त्यांनी द्यायचा. माणूस कितीही सज्जन असो, ही रचनाच त्याला सज्जन राहू देत नाही. २०२०मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र कायम न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले होते, आणि तोवर साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा असेही सांगितले होते. त्यानंतर केंद्रात एकाच आघाडीचे सरकार राहिले, अनेक राज्यांत दुसऱ्या आघाडीची सरकारे आली-गेली. सूचना जिथल्या तिथे आहे. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने एकशे तिसावी घटनादुरुस्ती मांडली. सलग तीस दिवस कोठडीत राहिलेला मंत्री, मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान आपोआप पदावरून जाईल, अशी तिची तरतूद. सभागृहाचा पक्षपात टाळण्याचा हा उपाय वरून बरा दिसतो, पण अटक करणारी यंत्रणा कोणाच्या हाताखाली असते हे पाहिले की निर्णय पक्षाच्या हातातून सुटून पक्षाच्याच दुसऱ्या हातात गेला असे म्हणावे लागते.

अमेरिकेकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की तिथे तरी सदस्य मोकळेपणे मत देतात. देतात, आणि किंमत मोजतात. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२१ असे दोनदा महाभियोगाचे आरोप ठेवले गेले आणि सिनेटने दोनदा त्यांना सोडले. पहिल्या वेळी स्वपक्षाच्या विरोधात मत देणारे सिनेटर होते एकटे मिट रॉम्नी. दुसऱ्या वेळी प्रतिनिधिगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध मत दिले. पुढच्या निवडणुकीनंतर त्या दहांपैकी दोघेच सभागृहात उरले. बाकीचे काही उभेच राहिले नाहीत, काहींना पक्षाच्याच मतदारांनी उमेदवारीच्या फेरीत पाडले. आपल्याकडे १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशाला जी धार दिली, ती तिथे पक्षाचा कट्टर मतदार देतो. म्हणजे पदच्युतीच्या प्रश्नात मोजता येणारा मतदार असतो तो एकाच प्रकारचा : आपल्या माणसाला वाचवा, असे सांगणारा. सत्य शोधा म्हणणाऱ्याची यादी कोणत्याच पक्षाच्या कार्यालयात नसते. मजुरीबद्दलही तिथे हेच दिसते. तासाला सव्वासात डॉलर ही केंद्रीय किमान मजुरी २००९पासून तीच आहे. या काळात दोन्ही पक्षांचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले आणि दोघांच्याही भाषणांत मध्यमवर्ग होता.

आता पेन्शनकडे येऊ, कारण खरा धडा तिथे आहे. पेन्शनचा वाद आज ज्या रेषेवर लढला जातो ती रेषा मुळात नव्हतीच. केंद्रात जुनी पेन्शन बंद करून अंशदानावरची नवी पद्धत १ जानेवारी २००४पासून लागू केली ती वाजपेयी सरकारने. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांची पेन्शन थांबवली ती काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने, मुख्यमंत्री विलासराव देशमुख असताना. या पद्धतीला कायद्याचे पाठबळ देणारे विधेयक २०१३मध्ये मनमोहनसिंग सरकारने भाजपच्या साथीने मंजूर केले. ही दहा वर्षे दोन्ही पक्षांचे एकमत होते, आणि नवे कर्मचारी संख्येने थोडे व तरुण असल्याने त्या एकमताची झळ कोणालाच लागत नव्हती. २००५पासूनच्या सोळा-सतरा वर्षांत ते वाढत वाढत बहुसंख्य झाले. त्यांच्यातले काही निवृत्त किंवा मृत होऊ लागले, आणि हातात येणारे मासिक आकडे शेजारच्या टेबलावरच्या जुन्या सहकाऱ्याच्या पेन्शनशी ताडून पाहता येऊ लागले. मग ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा शाळाशाळांत पोहोचली. राजस्थान आणि छत्तीसगडच्या काँग्रेस सरकारांनी २०२२मध्ये जुनी पेन्शन परत आणण्याचे जाहीर केले, आणि डिसेंबर २०२२मध्ये हिमाचल काँग्रेसने जिंकले तेव्हा त्यात या आश्वासनाचा वाटा होता असे सर्वांनीच धरले.

हिमाचलचा निकाल लागून दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, २१ डिसेंबर २०२२ला, नागपूरच्या सभागृहात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन देणार नाही असे स्पष्ट सांगितले. एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, हे कारण दिले. २००५चा निर्णय राज्याच्या हिताचा होता असे सांगून त्याचे श्रेय तेव्हाच्या विरोधी बाकांवरच्या पक्षांना दिले. मला हे विधान त्या अधिवेशनातले सर्वांत प्रामाणिक विधान वाटते, पटो किंवा न पटो. पण ते जेमतेम महिनाभर टिकले. ३० जानेवारी २०२३ला नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघात मतदान होते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांत मिळून चाळीस हजारांच्या आसपास मतदार, प्रत्येकाचे नाव आणि शाळा यादीत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरात किंवा स्टाफरूममध्ये २००५नंतर लागलेला कोणीतरी. जानेवारीतच शिंदे आणि फडणवीस दोघांचीही भाषा बदलली : आम्ही पेन्शनबाबत नकारात्मक नाही, द्यायची ताकद असेल तर ती आमच्यातच आहे. शिक्षकांनी ते ऐकून घेतले आणि भाजपच्या पाठिंब्यावरचे दोन वेळचे आमदार नागो गाणार यांना पाडून आघाडीच्या पाठिंब्यावरचे सुधाकर अडबाले यांना जवळपास दुप्पट मतांनी निवडून दिले. फडणवीसांच्या स्वतःच्या शहरात, संघाच्या मुख्यालयाच्या गावात हे झाले. पुढचे सगळे या निकालाच्या उतारावरून घरंगळत गेले : १४ ते २० मार्च २०२३चा राज्यव्यापी संप, माजी सनदी अधिकाऱ्यांची अभ्यास समिती, डिसेंबरचा दुसरा संप, जानेवारी २०२४मध्ये २००५पूर्वीच्या जाहिरातींवर लागलेल्या सुमारे सव्वीस हजार जणांना जुन्या पेन्शनचा पर्याय, मार्चमधली घोषणा. २४ ऑगस्ट २०२४ला केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. असे करणारे महाराष्ट्र पहिले राज्य होते.

अर्थशास्त्र जाणणारा वाचक इथे अस्वस्थ होईल, आणि त्याचे म्हणणे हलके नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी सप्टेंबर २०२३मध्ये हिशेब मांडला, की सगळी राज्ये जुन्या पद्धतीकडे वळली तर बोजा नव्या पद्धतीच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. हा बोजा अशा पिढीवर पडेल जी आज मतदार यादीत नाही. मग चाळीस हजार शिक्षकांच्या भीतीने सरकारने धोरण बदलणे याला लोकशाही म्हणायचे की शरणागती? माझे उत्तर आहे, थोडी शरणागती आणि पुष्कळ तडजोड. शेवटी जे मिळाले ती जुनी पेन्शन नाही. कर्मचाऱ्याचा हिस्सा कापला जाणे चालू राहिले, सेवेच्या वर्षांची अट राहिली, बाजाराचा धोका तेवढा सरकारने अंगावर घेतला. मार्चचा संप मागे घेतल्याबद्दल संघटनांतल्या एका मोठ्या गटाने आपल्याच नेत्यांवर तोंडसुख घेतले, आणि तिजोरीची काळजी वाहणाऱ्यांना निम्म्या पगाराची हमीही जास्त वाटली. दोघेही नाराज, पण आकडे टेबलावर आले, समितीपुढे मांडले गेले, आणि डिसेंबर २०२२ला एकमेकांना दिवाळखोर आणि विश्वासघातकी ठरवणाऱ्या बाजू दीड वर्षात एका सूत्रापाशी आल्या. पक्षभेद मिटवायला हृदयपरिवर्तन लागत नाही. हरण्याची शक्यता पुरते.

ती शक्यता ज्यांच्यापाशी नाही त्यांच्याकडे पाहिले की सुटलेल्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. नागपूरच्या मध्यमवर्गाचा मोठा भाग आज सरकारी हजेरीपटावर नाही. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत, मिहानमधल्या कंपन्यांत, खासगी रुग्णालयांत, विनाअनुदानित शाळांत, दुकानांत आणि कंत्राटदारांच्या हाताखाली तो आहे. त्याची पेन्शन म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेली १९९५ची योजना. तिथे हिशेबाला धरायच्या पगाराची कमाल मर्यादा पंधरा हजार रुपये, १ सप्टेंबर २०१४पासून तीच. म्हणजे पगार चाळीस हजार असला तरी या मर्यादेत असणाऱ्याचा हिशेब पंधरा हजारांवर होतो आणि पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर हातात पडतात महिन्याला साडेसात हजार. किमान पेन्शन हजार रुपये, तीही २०१४पासूनच. सुमारे अठ्ठ्याहत्तर लाख निवृत्तांचा हा प्रश्न घेऊन कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली बुलढाण्यातून वर्षानुवर्षे आंदोलन चालले आहे. किमान साडेसात हजार आणि महागाईभत्ता ही त्यांची मागणी. २०१३मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन तीन हजार करावी असे सुचवले होते. त्या समितीचे अध्यक्ष कोण? भगतसिंह कोश्यारी, तेव्हाच्या विरोधी पक्षाचे खासदार. पुढच्याच वर्षी त्यांचा पक्ष सत्तेवर आला, शिफारस कागदावर राहिली, आणि ते पुढे राज्यपाल होऊन आले ते आपण वर पाहिलेल्या अपात्रतेच्या प्रश्नाच्या इतिहासात जाऊन बसले. विनोद करण्याची इच्छा होते, पण यात पक्षबदल नाही, कारस्थान नाही. बाक बदलला एवढेच.

नागपूर एकेकाळी कामगारांच्या पेन्शनच्या बाबतीत देशाच्या पुढे होते. जमशेदजी टाटांच्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला तो १८८६मध्ये, कोणत्याही कायद्याने सांगितले नसताना. आज खासगी नोकरदाराला कायदा आहे, निधी आहे, कार्यालय आहे, पण ते सगळे २०१४च्या किमतीत गोठलेले आहे. त्याची अडचण अशी, की त्याचा मतदारसंघ नाही. शिक्षकांना आणि पदवीधरांना विधान परिषदेत स्वतंत्र जागा आहेत, कारखान्यातल्या सुपरवायझरला नाही. निवृत्त होऊन तो त्या अठ्ठ्याहत्तर लाखांत गेला तरी पाचशे त्रेचाळीस मतदारसंघांत पातळ होऊन पसरतो. त्याच्याबद्दल पक्ष भांडतात तेव्हा काय होते याचा नमुना २०२३मध्ये दिसला. सरकारी पदे बाह्य एजन्सींमार्फत कंत्राटी भरण्याच्या शासन निर्णयावर तरुणांनी आवाज उठवला, ऑक्टोबरमध्ये फडणवीस यांनी तो रद्द केला, आणि नंतरचा सगळा वाद हे पाप आधी कोणाच्या सरकारने केले यावर झाला. आधीपासून कंत्राटावर राबणाऱ्याला महिन्याला किती मिळावेत, हा प्रश्न त्या वादात दोन्हीकडून कोणी विचारला नाही.

निवडणुका होतातच, लोक शेवटी न्याय करतातच, हा सर्वांत जुना आक्षेप. जून २०२४मध्ये महाराष्ट्राने लोकसभेच्या अठ्ठेचाळीसपैकी तीस जागा महाविकास आघाडीला दिल्या. नोव्हेंबरमध्ये त्याच महाराष्ट्राने विधानसभेत महायुतीला दोनशे तीसच्या वर जागा दिल्या. पहिल्या निकालात गद्दारांना शिक्षा झाली असे एका बाजूने सांगितले, दुसऱ्या निकालात खरी शिवसेना कोणाची याचे उत्तर मिळाले असे दुसऱ्या बाजूने. दोघांनाही तसे म्हणायचा हक्क आहे, कारण एका मतात कांदा, आरक्षण, लाडकी बहीण, संविधान, उमेदवाराची जात आणि गावचा रस्ता असे सगळे एकत्र बांधलेले असते. त्यातून एखाद्या आमदाराच्या पात्रतेवरचा कौल वेगळा काढणे अशक्य आहे. नागपूरच्या शिक्षकांचा कौल स्पष्ट होता तो ते अधिक शहाणे होते म्हणून नव्हे. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता.

म्हणून ज्या प्रश्नांना स्वतःचा मतदार नाही ते पक्षांच्या मर्जीवर सोडू नयेत, त्यांना तारीख आणि सूत्र बांधून द्यावे, इथवर माझा युक्तिवाद येतो. अपात्रतेसाठी न्यायाधिकरण आणि तीन महिने, ही वाट न्यायालयाने दाखवलेलीच आहे. पगाराच्या बाजूला तर नमुना सरकारी नोकरीतच आहे. महागाईभत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकावरून ठरतो. त्यासाठी कोणाला यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढावा लागत नाही, आणि म्हणूनच त्यावर पक्षांचे भांडणही होत नाही. आठव्या वेतन आयोगाचे काम न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्याकडे सोपवले गेले तेव्हा विरोधकांनी उशिराबद्दल कुरकुर केली, आयोग नको असे कोणी म्हटले नाही. भविष्यनिर्वाह निधीची मर्यादा मात्र १९९४ला पाच हजार, २००१ला साडेसहा हजार, २०१४ला पंधरा हजार अशी सरकारच्या लहरीने उड्या मारत आली आहे. ती त्याच निर्देशांकाला बांधावी, आणि किमान पेन्शनही. यावर हिंगण्यातला लहान कारखानदार म्हणेल की मर्यादा वाढली की माझा हिस्साही वाढतो, आणि त्याचे खरे आहे : मर्यादेतल्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे आज जास्तीत जास्त साडेबाराशे रुपये, तो माणशी पेन्शन खात्यात भरतो. केंद्र त्यात १.१६ टक्के घालते. मर्यादा एकदम दुप्पट करून त्याचे कंबरडे मोडण्यापेक्षा ती दरवर्षी थोडी वाढणे त्यालाच सोयीचे, आणि लहान उद्योगांपुरता केंद्राने आपला वाटा वाढवणे हेही अर्थसंकल्पाच्या आवाक्यातले. फेब्रुवारी २०२५मध्ये बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले तेव्हा आपण मध्यमवर्गासाठी मोठा महसूल सोडत आहोत असे केंद्राने अभिमानाने सांगितले होते. महिना पंधरा-वीस हजारांवरचा माणूस त्या करकक्षेत आधीही नव्हता, त्यामुळे त्या सवलतीतला एक रुपयाही त्याच्यापर्यंत आला नाही.